कॅलेंडुलाचं बी

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मी लागले तेव्हा मला तेविसावं चालू होतं आणि जगातली सगळी फुलं मला पाठ होती. पाहिलेली फार थोडी होती, पण पाठ सगळी. कुळं, पाकळ्यांची संख्या, बीजांडांची रचना, काहीही विचारा. मी पोपटासारखं धडाधडा सांगत असे आणि सांगून झाल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघत असे.

आमचं घर मंगळवार पेठेत, दोन खोल्यांचं. गल्लीतली पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी मी. वडील कचेरीत कारकून होते. डेमॉन्स्ट्रेटर हा शब्द त्यांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘पोरगी कॉलेजात प्रोफेसर आहे’ असं ठोकून देत. मी एकदाही दुरुस्त केलं नाही. माझी नोकरी हंगामी होती, दर जूनला नवं पत्र मिळालं तर पुढचं वर्ष, हेही गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

विभागाच्या मागे बाग होती. कागदोपत्री ती विभागाची, पण खरी माळीमामांची. मामा गारगोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. कोल्हापुरात ते शिवाजी पेठेत तालमीमागच्या एका खोलीत राहत, बायको आणि दोन मुली गावी. अकरा वर्षं ते रोजंदारीवर काम करत होते. माझ्या दुसऱ्या वर्षी संस्थेनं बागेसाठी माळ्याची एक कायम जागा मंजूर केली. मार्चअखेरीस समितीची बैठक होऊन ती भरायची होती. कायम झालो की पोरींना इकडं आणणार आणि मोठ्या शाळेत घालणार, असं मामा सगळ्यांना सांगत. पाणी घालता घालता सांगत, खुरपं धुता धुता सांगत. ऐकणाऱ्यानं हूं म्हटलं नाही तरी त्यांचं सांगणं थांबत नसे.

थंडीत त्या बागेत कॅलेंडुला फुलायचा. मामा त्याला विलायती झेंडू म्हणत. पण झेंडूसारखा तो गोंड्याचा नाही. मधे गोल बिंब, भोवती लांबट पाकळ्यांची कड, आणि रंग असा भडक नारिंगी की डोळे मिटले तरी क्षणभर तो दिसत राहायचा. पानं लांबट, लवदार, हाताला चिकटणारी. त्यांचा वास उग्र. काहींना आवडतो, मला आवडत नसे. सकाळी ऊन आलं की फुलं उघडायची आणि संध्याकाळी मिटायची. मामांची बोटं त्या दिवसांत सदा चिकट असत, आणि ते ती धोतराला पुसत.

ज्याला आपण कॅलेंडुलाचं एक फूल म्हणतो ते एक फूल नसतं. सूर्यफुलाचंही नसतं. एका बैठकीवर शेकडो बारीक फुलं दाटीवाटीनं बसलेली असतात. मधली नळीसारखी, त्यांना बिंबपुष्पकं म्हणायचं. कडेची पट्टीसारखी, ती किरणपुष्पकं. आपण ज्याला पाकळी म्हणून खुडतो ते एक अख्खं फूल असतं, टोकाला तीन बारीक दात असलेलं. हे मी फार रंगवून शिकवत असे. आमच्या अभ्यासक्रमात नमुन्याला सूर्यफूल होतं. सूर्यफुलात कडेची फुलं वांझ आणि मधली फळणारी. तेच मी कॅलेंडुलालाही लावून मोकळी झाले होते. एक कुळ, एक नियम.

पहिल्याच हिवाळ्यात मी वर्ग घेऊन बागेत गेले होते. एक फूल हातात धरून मधल्या नळ्या दाखवत मी म्हटलं, यांचं पुढे बी होतं. मामा शेजारच्या वाफ्यात पाण्याची नळी धरून उभे होते. ते सहज म्हणाले, “बाई, ह्येचं बी मधल्याला धरत न्हाय. कडंच्या पाकळीबुडी धरतंय.”

मी विचारलं, “मामा, सूर्यफुलाचं बी कुठं असतं?”

“मधी.”

“हे सूर्यफुलाच्याच घराण्यातलं आहे. तुम्ही पाणी घाला, मी शिकवते.”

पोरं फिदीफिदी हसली. मामाही हसले, आणि नळी उचलून पुढच्या वाफ्याकडे गेले. मला त्या दिवशी फार छान वाटलं होतं. विद्यार्थ्यांवर छाप पडली असं घरी जाऊन सांगितल्याचंही आठवतं.

त्यांच्या म्हणण्याची शहानिशा करायला मला किती वेळ लागला असता? एक सुकलेलं फूल मोडायचं आणि बघायचं. ‘पुस्तकावर विसंबू नका, डोळ्यांनी बघा’ हे वाक्य मी दर तासाला फळ्याजवळ उभी राहून म्हणत असे. पण पुराणातली वांगी पुराणात.

आमच्या विभागाची एक रीत होती. थंडीतल्या फुलांचं बी मामा मार्चमध्ये गोळा करत, वर्तमानपत्रावर पसरून सावलीत वाळवत आणि डब्यांत राख घालून ठेवत. मग दसऱ्याच्या आधी त्याच्या कागदी पुड्या बांधून त्या गावातल्या शाळांना आणि संस्थेच्या मंडळींच्या बंगल्यांवर पाठवल्या जात. पुडीवर नाव घालायचं काम डेमॉन्स्ट्रेटरचं, कारण मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात मी ते काम हातात घेतलं. झेंडूच्या काळ्या काड्या झाल्या, अ‍ॅस्टर झालं. मग कॅलेंडुलाचा डबा उघडून कागदावर ओतला आणि बघतच राहिले. त्यात काही बिया लांब, वाकड्या, चोचीसारख्या टोकाच्या होत्या. काही पंख फुटलेल्या होडीसारख्या. आणि काही पार गुंडाळलेल्या, खरबरीत, वाळलेली अळी असावी तशा. मला वाटलं, हा काय उकिरडा गोळा केलाय.

मी मामांना बोलावून घेतलं. “हे काय आहे?”

“इलायती झेंडूचं बी.”

“यातलं झेंडूचं कुठलं आणि कचरा कुठला?”

“कचरा कुठला, बाई? सगळं त्याचंच हाय की. एका फुलात तीन तऱ्हंचं धरतंय.”

“एका फुलात तीन तऱ्हेचं बी?”

“व्हय की.”

मला हसू आलं. हसू आलं ते आलं, त्याच्या मागून संशय आला. मामा चांगलं बी बाहेर बंगलेवाल्यांच्या माळ्यांना विकतात असं स्टाफरूममध्ये कुणीतरी एकदा बोललं होतं. बोलणाऱ्याजवळ पुरावा नव्हता, आणि मी तो मागितलाही नव्हता. आता मात्र मला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. चांगलं बी विकलं आणि वजन भरायला अंगणातला कचरा घातला. वर्गातल्या दोन मुलींना बसवून मी तो डबा निवडायला लावला. सरळसोट, मला पटेल तेवढंच बी पुड्यांत भरलं. बाकीचं सुपानं नेऊन बागेच्या टोकाला खताच्या खड्ड्यावर फेकायला लावलं. मामा बांधाजवळ उभे राहून बघत होते.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला माझी हुशारी वरपर्यंत पोचवायची होती. विभागप्रमुख सरांची खोली वरच्या मजल्यावर. मी कागद घेतला आणि लिहिलं: कॅलेंडुलाच्या बियाण्यात निम्म्याहून जास्त कचरा व परके बी आढळले, ही हयगय आहे की लबाडी हे ठरवणे अवघड आहे, पुढील निर्णय घेताना याचा विचार व्हावा. खाली झोकात सही केली. पुढील निर्णय म्हणजे कोणता हे मला पुरतं ठाऊक होतं.

मामा रोज सकाळी सरांच्या टेबलावरची फुलदाणी भरायला वर जात. विभागातल्या चिठ्ठ्या वर जाणाऱ्याच्या हाती देण्याची पद्धत होती. मी ती चिठ्ठी घडी घालून मामांच्याच हातात दिली. “सरांना द्या,” म्हटलं. त्यांनी ती खिशात ठेवली, वरून खिसा दाबला आणि फुलं घेऊन जिना चढले. माणसाच्या विरुद्धची चिठ्ठी त्याच माणसाच्या हाती पाठवताना मला कसलीच लाज वाटली नाही. उलट वाचता येत नाही हे बरंच आहे, असं मनात आलं होतं. हे वाक्य लिहिताना आज माझा हात जड होतोय, पण मनात आलं होतं हे खरं आहे.

दिवाळीनंतर खताच्या खड्ड्यावर रोपं उगवली. कुणी पेरली नव्हती, पण दाट उगवली. मामा एरवी बागेत एक काडी जागा सोडून उगवू देत नसत. ही रोपं त्यांनी उपटली नाहीत, उलट रोज तिथवर नळी ओढत नेऊन त्यांना पाणी घातलं. पौषात तो सगळा खड्डा नारिंगी झाला. वाफ्यात होतं तेच फूल, तोच रंग, तीच चिकट पानं. मी त्याच्यावरून रोज जात होते. खड्ड्यावर फुललंय म्हणून फार तर कौतुक वाटलं असेल.

शिवरात्रीच्या सुमाराला प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी नमुने जमवायला मी तिथूनच एक सुकलेलं बोंड तोडलं. प्रयोगशाळेत आणून ते चिमट्यानं उकललं. मधल्या सगळ्या नळ्या नुसत्या भुसा होऊन हातात आल्या. तिथं बी नव्हतंच. कडेला, गळून गेलेल्या पाकळ्यांच्या बुडाशी, बी गोल धरून बसलं होतं. बाहेरच्या ओळीत चोचीचं, तिच्या आत होडीसारखं, आणि अगदी आत गुंडाळलेल्या अळ्या. तिन्ही एकाच बैठकीवर. मी दुसरं बोंड उकललं, मग तिसरं. नंतर कपाटातून जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात एका ओळीत सगळं होतं. मधली फुलं फळत नाहीत, कडेची फळतात, आणि फळं तीन आकारांची. कपाटाची किल्ली दीड वर्षं माझ्याच पर्समध्ये होती.

खिडकीतून मामा दिसत होते, गुलाबाची छाटणी करत होते. समितीच्या बैठकीला महिना होता. अजून काहीच बिघडलं नव्हतं. एक जिना चढायचा आणि सरांना सांगायचं, माझी चूक झाली, ती चिठ्ठी फाडा.

मी गेले. काड्यापेटीत ते बोंड घालून खरंच जिना चढले. सर काहीतरी लिहीत होते. मला बघून म्हणाले, “या. तुमचंच करतोय. संस्थेकडे तुमच्या कायम होण्याचा शेरा पाठवायचा आहे. त्या बियाण्याच्या प्रकरणात तुम्ही डोळ्यांत तेल घालून काम केलंत, ते मी मुद्दाम लिहिलंय.”

मी काड्यापेटी हातात धरून उभी राहिले. वडील त्या वर्षी सेवानिवृत्त व्हायचे होते. धाकट्या दोघांची शिक्षणं व्हायची होती. ही कारणं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगितली, आणि ती खोटी नाहीत. पण त्या क्षणी मनात वडील नव्हते आणि भावंडंही नव्हती. तो शेरा पुसला जाऊ नये, एवढंच होतं.

“काही काम होतं का?” सरांनी विचारलं.

मी पेटी उघडली आणि म्हटलं, “सर, कॅलेंडुलाच्या एका फुलात तीन तऱ्हेचं बी असतं. आज बघताना लक्षात आलं.”

सरांनी चष्मा वर करून बघितलं. “वा! निरीक्षण चांगलं आहे. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात तक्ता करून लावा.” माझ्या चिठ्ठीतला कचरा आणि पेटीतलं बी एकच आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ते जोडून दाखवणं माझं काम होतं. मी फक्त तक्त्यासाठी जाड कागद मिळेल का, असं विचारलं आणि खाली आले.

तक्ता सुंदर झाला. मधोमध फुलाची मोठी आकृती, खाली तीन रांगांत खरं बी डिंकानं चिकटवलेलं, आणि कोपऱ्यात माझं नाव. प्रदर्शनाच्या दिवशी कुंड्या लावायला मामा आले होते. कुंड्या लावून झाल्यावर ते त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. अक्षरं त्यांना लागत नव्हती, पण बी तर ओळखीचं होतं. मग त्यांनी वळून हॉलमध्ये माझ्याकडे बघितलं आणि जरासे हसले. मी पाहुण्यांना काहीतरी समजावण्याचं निमित्त काढून पाठ केली.

मार्चअखेरीस बैठक झाली. माळ्याची जागा संस्थेतल्या कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाला मिळाली. कदाचित तसंही त्यालाच देणार असतील, असं मी मनाशी म्हणत असे. पण मामांच्या कागदाला माझी चिठ्ठी टाचलेली होती, आणि कारण म्हणून तिच्याकडेच बोट दाखवलं गेलं. पुढच्या आठवड्यात मामांनी हत्यारं धुऊन खोलीत ठेवली, किल्ली शिपायाकडे दिली आणि ते गावी गेले. मी त्या दिवशी रजा काढली होती. जूनमध्ये मी कायम झाले. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले.

दहा-बारा वर्षांनी, बारावीच्या प्रॅक्टिकलची परीक्षक म्हणून मी गारगोटीला गेले होते. दुपारनंतर मोकळी झाले, तर बाजाराचा दिवस होता. एस.टी.ला वेळ होता म्हणून उगाच फिरत होते. एका झाडाखाली पोत्यावर मिरचीची, वांग्याची, झेंडूची रोपं मांडून मामा बसले होते. केस पार पिकले होते. मी ओळखलं आणि तशीच पुढे निघाले होते, पण त्यांनीच हाक मारली.

“बाई न्हवं? बसा की. च्या घ्या.”

शेजारच्या गाड्यावरून त्यांनी चहा मागवला. पोत्याच्या कोपऱ्यावर मला जागा करून दिली. माझं लग्न, मुलंबाळं, सरांची तब्येत, सगळं विचारलं. मी मुलींचं विचारलं. थोरलीचं सोळाव्या वर्षीच लगीन करून दिलं, धाकटी सातवीतनं निघाली, आता तीबी सासरी हाय, असं ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. कुणी पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

मी चहाचा कप खाली ठेवला. बारा वर्षं मी कॅलेंडुला शिकवत होते आणि दर वर्षी तीन बियांपाशी आले की माझा आवाज खाली जात होता. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे कळत होतं.

“मामा,” मी म्हटलं, “ती चिठ्ठी तुमच्या हाती दिली होती ना मी, सरांना द्यायला. तिच्यात मी तुमच्याविरुद्ध लिहिलं होतं.”

“ठाव हाय की.”

“कधी कळलं?”

“तवाच. जिन्यात शिपाई भेटला, त्येच्याकडनं वाचून घेतली. म्हटलं माझ्या नोकरीचंच कायतरी असंल.”

“मग दिलीत कशाला सरांना? फाडून टाकायची.”

मामांनी माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं. “फाडून कसं चालंल, बाई? तुमी इश्वासानं माझ्या हातात दिलीतीसा.”

मी मान खाली घातली. ते रोपांवर पाणी शिंपडत राहिले. मग आपणहूनच बोलायला लागले. “मला काय वाटलं, बाई शिकल्याल्या हायत. आता न्हाय पटत, पर फुलं येतील, बी धरंल, मग डोळ्यानं बघतील आन सोताच जाऊन सांगतील सरांना. म्हणून तर खड्ड्यातली रोपं ऱ्हाऊ दिली, पाणी घाटलं. आन तुमी बघितलासा. तक्ता लावलासा. तवा म्हटलं, झालं, सांगितलं बाईंनी. गावाकडं सांगावा धाडला, पोरींचं बोचकं बांधून ठेवा म्हणून.”

एक बाई मिरचीची रोपं मागायला आली. मामांनी जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिला दिली, कशी लावायची तेही सांगितलं. मग माझ्याकडे वळून, आता विचारायला हरकत नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, “बाई, सांगितलं व्हतंसा न्हवं तुमी सरांना?”